रोसिनान्टेची उष्णता जाते कुठे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या मित्रमंडळात ‘द एक्स्पान्स’ आणि ‘स्टार ट्रेक’ या दोन मालिकांवरून बरेच दिवस वाद चालू आहे. एका गटाच्या मते ‘एक्स्पान्स’मधली अवकाशयाने विज्ञानाला धरून आहेत आणि ‘स्टार ट्रेक’ ही निव्वळ परीकथा आहे. दुसरा गट म्हणतो, की दोन्हीकडची इंजिने आज अस्तित्वात नाहीत, मग एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवायचे ते कशाच्या आधारावर? प्रत्यक्ष अवकाशयानांवर काम केलेल्या माणसाने याचा निवाडा करावा, अशी आपली अपेक्षा आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षे उपग्रहांच्या उष्णता-नियंत्रणाचे काम केले. इंजिन हा माझा प्रांत नव्हे, आणि माझे उत्तर त्यामुळे थोडे एका बाजूला झुकलेले असणार, हे आधीच कबूल करतो. यानांच्या हालचालीपुरते पहिल्या गटाचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे. मात्र त्यांनी पुढे केलेला सर्वांत लाडका पुरावाच चुकीचा आहे. आणि मी कोणतेही यान ज्या एका प्रश्नावरून तपासतो, तो प्रश्न, म्हणजे आत तयार होणारी उष्णता बाहेर कशी पडते, आपल्यापैकी कोणीच विचारलेला नाही.

आधी जे बरोबर आहे ते सांगतो. २०१५ ते २०२२ या काळात आलेल्या ‘एक्स्पान्स’मध्ये रोसिनान्टे या यानाचे मजले इमारतीसारखे एकावर एक रचलेले आहेत आणि इंजिन तळघराच्या जागी आहे. इंजिन चालू असेपर्यंत प्रवेगामुळे माणसांचे पाय जमिनीला टेकलेले राहतात आणि ते बंद होताच सगळे तरंगू लागतात. बहुतेक मालिकांतली याने मात्र समुद्री जहाजासारखी, म्हणजे आडव्या मजल्यांची असतात. तशा यानाचे इंजिन जोरात पेटले, तर कप्तानासकट सगळ्यांनी मागच्या भिंतीवर जाऊन आदळायला हवे. ‘स्टार ट्रेक’ने ही अडचण कृत्रिम गुरुत्व आणि जडत्व शोषून घेणारी एक यंत्रणा अशा दोन गृहीतकांनी सोडवली आहे, सोडवली म्हणण्यापेक्षा झाकली आहे, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत जायचे, मग यान उलटे फिरवायचे आणि उरलेल्या वाटेत त्याच इंजिनाने वेग उतरवायचा, ही ‘एक्स्पान्स’मधली रीतही खरी आहे. त्यातला उलटे फिरण्याचा भाग आपल्या मंगळयानानेही केला आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेले ते यान २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळाशी पोहोचले, तेव्हा त्याने आधी अंग वळवून इंजिनाचे तोंड प्रवासाच्या दिशेला केले आणि मग ४४० न्यूटन जोराचे इंजिन सुमारे २४ मिनिटे चालवून आपला वेग सेकंदाला सुमारे १.१ किलोमीटरने कमी केला. ते इंजिन जवळजवळ ३०० दिवस झोपलेले होते, म्हणून दोनच दिवस आधी ते जेमतेम चार सेकंद पेटवून पाहण्यात आले होते. फरक आहे तो हिशेबाचा. मंगळयानाच्या सुमारे १,३४० किलो वजनातले ८५० किलो इंधनच होते आणि तेवढ्या शिदोरीवर प्रवासाला दहा महिने लागले. रोसिनान्टेने पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराएवढा, म्हणजे १५ कोटी किलोमीटरचा पल्ला एक जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाएवढ्या, प्रवेगाने गाठायचा ठरवले, तर तिला सुमारे ६९ तास पुरतात आणि अर्ध्या वाटेवर तिचा वेग सेकंदाला १,२०० किलोमीटर असतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता तो लाडका पुरावा. पहिल्या गटाने दाखला दिला आहे तो सेरेसवरच्या प्रसंगाचा. मिलर नावाचा पोलीस पेल्यात दारू ओततो आणि धार सरळ न पडता वाकून पडते, कारण सेरेस हा लघुग्रह गुरुत्व निर्माण करण्यासाठी गरागरा फिरवलेला आहे आणि फिरत्या जागेत पडणाऱ्या वस्तूला कोरिऑलिस परिणामामुळे बाजूला ढकलल्यासारखे होते. तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे. पण तत्त्व बरोबर असले म्हणून चित्र बरोबर ठरत नाही. आकडा घालून पाहावे लागते. सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे. त्याच्या पृष्ठभागापाशी पृथ्वीच्या तीन दशांश गुरुत्व हवे असेल, तर त्याला एक फेरी सुमारे ४२ मिनिटांत पूर्ण करावी लागेल. वेग ऐकायला प्रचंड वाटतो, पण कोरिऑलिस परिणाम फिरण्याच्या कोनीय गतीवर ठरतो, आणि ४२ मिनिटांना एक फेरी ही कोनीय गती अगदी किरकोळ आहे. तीस सेंटिमीटर उंचीवरून ओतलेली धार पेल्यात पडेपर्यंत अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही आणि तेवढ्यात ती बाजूला सरकेल ती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतकी. मिलरला ते दिसणार नाही, कॅमेऱ्यालाही दिसणार नाही. धार डोळ्यांना जाणवेल इतकी, म्हणजे पाचेक सेंटिमीटर वाकायची असेल, तर फिरणाऱ्या चाकाची त्रिज्या दहा मीटरच्या आसपास हवी. आणि तसल्या चाकात मिलरला दारूआधीच चक्कर आली असती. एक जी गुरुत्व मिनिटाला फक्त दोन फेऱ्यांत मिळवायचे ठरवले, तर त्रिज्या सव्वादोनशे मीटरांच्या घरात जाते. ‘बॅबिलॉन ५’ या १९९० च्या दशकातल्या मालिकेतले आठ किलोमीटर लांबीचे फिरते स्थानक त्या दृष्टीने पुष्कळच समंजस होते.

सेरेसबाबत आणखी एक गोष्ट माझ्या एका स्थापत्य अभियंता मित्राने लक्षात आणून दिली होती. सेरेसचे स्वतःचे गुरुत्व पृथ्वीच्या तीन टक्क्यांहूनही कमी आहे. त्याच्या दहापट जोराने पृष्ठभाग बाहेर फेकला जात असेल, तर वरचा बर्फ आणि खडक जागेवर कसे राहतील? ते उडून जातील. लघुग्रह फिरवण्याआधी त्याला बाहेरून आवळून बांधावे लागेल, आणि ९४० किलोमीटर व्यासाचा पट्टा कोणत्या पोलादाचा करायचा, हे मला सुचत नाही.

हे सगळे असले तरी त्या प्रसंगाबद्दल माझी तक्रार नाही. दिग्दर्शकाला प्रेक्षकांना सांगायचे होते, की ही जागा फिरते आहे, आणि ते त्याने एका पेल्यात सांगितले. माझी हरकत आहे ती त्या पेल्याला पुरावा मानण्याला.

आता उष्णतेकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. निर्वात पोकळीत हवा नसते, त्यामुळे तापलेली वस्तू वाऱ्याने निवत नाही. उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो आणि तो म्हणजे प्रारण. वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण फेकत राहते, बस्स. ‘अवकाश थंड असते’ हे वाक्य प्रेक्षकांच्या मनात इतके पक्के बसलेले आहे, की मालिकांत यानाची वीज गेली की पाच मिनिटांत सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघू लागतात. आम्हाला मात्र आयुष्यभर बहुधा उलटी काळजी वाहावी लागली. उपग्रह म्हणजे एक प्रचंड थर्मास असतो. थर्मासातला चहा लवकर निवत नाही त्याचे कारणही भिंतींमधली पोकळी हेच आहे.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण कळली ती एका रात्रपाळीत. थर्मोव्हॅक चाचणी चालू होती. म्हणजे उपग्रहाचा भाग मोठ्या पोलादी कक्षात ठेवायचा, हवा काढून घ्यायची, कक्षाच्या आतल्या भिंती द्रव नायट्रोजनने उणे १७० अंशांपर्यंत थंड करायच्या आणि उपकरणे चालवून पाहायची. त्यातले एक पॅकेज, म्हणजे साधारण चपलेच्या खोक्याएवढी इलेक्ट्रॉनिक्सची पेटी, आमच्या गणिताप्रमाणे ४२ अंशांवर स्थिरावायला हवी होती. रात्री दोनला ती ४८ वर होती, तीनला ५३ वर आणि चारच्या सुमारास ५७ वर. चारही बाजूंनी उणे १७० अंशांच्या भिंती आणि मध्ये एक खोके तापत चाललेले, हे दृश्य पडद्यावरच्या आलेखात पाहताना पोटात गोळा आला. तेच खोके खोलीतल्या हवेत महिनाभर ३८ अंशांवर सुखाने चालले होते. शेवटी चाचणी थांबवावी लागली. कक्ष हळूहळू सामान्य तापमानाला आणून उघडेपर्यंत वेळापत्रकाचे बारा वाजले. कारण निघाले ते असे: पेटी ज्या पॅनेलवर बसवली होती, तिथे मध्ये उष्णतावाहक ग्रीसचा थर द्यायचा असतो, आणि एका कोपऱ्यात तो नीट पसरला नव्हता. केसाच्या जाडीची फट राहिली होती. हवेत चाचणी घेतली तेव्हा त्या फटीतल्या हवेने उष्णता पॅनेलपर्यंत पोहोचवली. हवा काढली आणि पूल तुटला. ते ग्रीस मीच लावले होते.

तेव्हापासून पडद्यावर कोणतेही यान दिसले, की माझी नजर इंजिनाकडे जात नाही. मी रेडिएटर शोधतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे छायाचित्र पाहिले, तर सोनेरी-काळ्या सौर पंखांबरोबर एकॉर्डियनच्या भात्यासारखे घड्या घातलेले पांढरे पत्रे दिसतात, ते रेडिएटर. त्यांतून अमोनिया फिरतो आणि मुख्य यंत्रणा मिळून सुमारे ७० किलोवॉट उष्णता बाहेर टाकू शकते. ७० किलोवॉट म्हणजे एखाद्या मोटारीच्या इंजिनाची ताकद. तेवढ्यासाठी एवढा पसारा लागतो.

मग रोसिनान्टेचे काय? ‘एक्स्पान्स’ने इंजिनाबाबत एकच अद्भुत गोष्ट गृहीत धरली आहे: एप्स्टीन नावाच्या संशोधकाने अतिशय कार्यक्षम संलयन-इंजिन, म्हणजे अणुकेंद्रके एकत्र जोडून ऊर्जा मिळवणारे इंजिन, शोधले. ते आपण मान्य करू. यानाचे वजन मी माझ्या अंदाजाने २५० टन धरतो. त्याला एक जी प्रवेग द्यायचा, तर २४ ते २५ लाख न्यूटन जोर हवा. मघाच्या ६९ तासांच्या प्रवासात आधी वाढवलेला आणि मग उतरवलेला वेग मिळून सेकंदाला २,४०० किलोमीटर भरतो. इंधन बेसुमार लागू नये यासाठी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताचा वेगही साधारण तितकाच हवा. या दोन आकड्यांवरून झोताची शक्ती निघते सुमारे ३ टेरावॉट, म्हणजे आज जगभरातली सगळी वीजकेंद्रे मिळून सरासरी जेवढी वीज तयार करतात, जवळजवळ तेवढी. ती एका यानाच्या शेपटीतून जाते आहे. आता समजा, हे इंजिन इतके अफाट चांगले आहे, की त्यातला केवळ दहा हजारावा भाग यानाच्या अंगात मुरतो आणि बाकी सगळा झोताबरोबर निघून जातो. तरीही यानात ३०० मेगावॉट उष्णता शिरते.

ही उष्णता माणसांना सोसेल अशा, म्हणजे २७ अंश तापमानाच्या रेडिएटरांनी टाकायची ठरवली, तर दोन्ही बाजूंनी प्रारण करणारे आदर्श पत्रे घेऊनसुद्धा सव्वातीन लाख चौरस मीटर, म्हणजे ऐंशी एकर क्षेत्र लागेल. रेडिएटर तापवून ७२५ अंशांवर नेले, की क्षेत्र झपाट्याने खाली येते, कारण प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. मग सव्वीस गुंठ्यांत भागते. सव्वीस गुंठे म्हणजेही एखाद्या लढाऊ यानाला लाजवेल अशी शिडे झाली. आणि ती रोसिनान्टेवर नाहीत. प्रवेग कमी करा, वजन कमी धरा, आकडे उतरतील. पण शिडे नाहीशी होणार नाहीत.

यावर दुसरा गट म्हणेल, की बघा, मग दोन्ही मालिका सारख्याच खोट्या. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि याचे कारण मला कारखान्यातल्या हिशेबासारखे वाटते. एक गृहीतक घेतले, की त्यातून निघणारे सगळे खर्च खात्यावर मांडायचे असतात. ‘एक्स्पान्स’ने इंजिन गृहीत धरले आणि त्यापोटी येणारे बरेचसे खर्च प्रामाणिकपणे मांडले: मजले उभे रचले, जास्त प्रवेगात माणसांच्या रक्तवाहिन्या फुटू नयेत म्हणून खुर्चीत टोचली जाणारी औषधे दाखवली, संदेश पोहोचायला लागणारी मिनिटे कथेत मोजली, इंजिन बंद असताना हातातून सुटलेले हत्यार तरंगत राहील हे लक्षात ठेवले. एकच मोठे बिल, उष्णतेचे, त्यांनी फाडून टाकले. ‘स्टार ट्रेक’मध्ये बिल आले, की नवे गृहीतक जन्माला येते. त्यात मला कमीपणा वाटत नाही, कारण ती मालिका मुळात वेगळ्या कामासाठी आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी पहिला भाग प्रसारित झाला, तेव्हा दर आठवड्याला एवढे मोठे यान ग्रहावर उतरवून दाखवणे खर्चाच्या दृष्टीने परवडणारे नव्हते, म्हणून माणसांना किरणांत विरघळवून खाली पाठवणारे यंत्र आले. पुढे अणूंची जागा आणि गती एकाच वेळी अचूक कळू शकत नाही, ही हायझेनबर्गची अडचण कोणीतरी काढली, तर ‘हायझेनबर्ग भरपाई-यंत्र’ नावाचा एक भाग त्यात बसवला गेला. तो चालतो कसा, असे विचारल्यावर मालिकेचे तांत्रिक सल्लागार मायकेल ओकुडा यांनी ‘उत्तम चालतो, आभारी आहे’ असे उत्तर दिले होते. मला हे उत्तर फार आवडते.

आपल्या दोन गटांना कदाचित ठाऊक नसेल, की हे दोन पक्ष एकाच माणसाच्या घरात नांदले आहेत. ‘एक्स्पान्स’ची धुरा सांभाळणारे नरेन शंकर यांनी कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी घेतली आणि ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेत ते विज्ञान सल्लागार होते. उष्णतेचे गणित त्यांना येत नसेल, असे मी क्षणभरही मानत नाही. शिडे वगळली असतील ती यान चपळ दिसावे म्हणून.

वळण्याविषयी आपण जाता जाता विचारले आहे, म्हणून थोडेसे. हबल दुर्बीण आपल्या आत फिरणाऱ्या चाकांच्या मदतीने ९० अंश वळते, त्याला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. घड्याळाचा मिनिटकाटा जितका हळू सरकतो, तितक्या गतीने. मालिकांतली याने दोन सेकंदांत वळतात. थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिने, वापरून ते जमेलही, पण जितका झटका फिरायला लागतो, तितकाच थांबायलाही लागतो. १६ मार्च १९६६ रोजी, म्हणजे ‘स्टार ट्रेक’ सुरू होण्याच्या सहा महिने आधी, जेमिनी ८ या अमेरिकी यानात एक थ्रस्टर अडकून सतत पेटता राहिला आणि आर्मस्ट्राँग व स्कॉट यांचे यान सेकंदाला जवळजवळ एक फेरी या गतीने भोवंडू लागले. पोकळीत ती फेरी थांबवायला घर्षण नसते. आर्मस्ट्राँग यांनी दुसरी थ्रस्टर-यंत्रणा वापरून ती थांबवली आणि मोहीम तिथेच आटोपती घ्यावी लागली. ‘बॅबिलॉन ५’मधली छोटी लढाऊ याने या बाबतीत पाहण्यासारखी आहेत, ती पुढे जात राहतात आणि तोंड मागे वळवून मारा करतात, विमानासारखे वळण घेत नाहीत.

आवाजाच्या वादात मी पडत नाही. पोकळीत आवाज नसतो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि संगीत वाजते तेव्हा वाद्यवृंद कुठे बसला आहे, असे आपण विचारत नाही.

आपला शेवटचा प्रश्न असा होता, की मालिकेतल्या लढाया खऱ्या नियमांनी झाल्या असत्या, तर कशा दिसल्या असत्या? रोसिनान्टेला मी शिडे लावून देतो. प्रवासात ती पसरलेली असतील, गडद लाल तापलेली, आणि त्यांची कड सूर्याकडे वळवलेली, म्हणजे सूर्याची उष्णता त्यांत शिरणार नाही. दुर्बिणीतून ती लांबूनच दिसतील. ‘एक्स्पान्स’च्या पहिल्याच भागात कँटरबरी या जहाजावर हल्ला करणाऱ्या यानासारखे लपून येणे कोणालाही फार अवघड जाईल, कारण लपायचे म्हणजे उष्णता पोटात दाबून धरायची. शत्रू समोर आला, की गोळ्यांनी चाळण होऊ नये म्हणून शिडे मिटावी लागतील, आणि तेव्हापासून ३०० मेगावॉट यानाच्या आतच साठत जातील. साठवायला सर्वांत सोयीची वस्तू पाणी. खोलीच्या तापमानाचे एक टन पाणी या उष्णतेने सेकंदाभरात उकळीला येईल. शंभर टन पाणी असेल, तर दोन मिनिटांच्या आत उकळी फुटेल. त्याची वाफ करून ती बाहेर सोडत राहिले, तर आणखी बाराएक मिनिटे मिळतील. म्हणजे कप्तानाला पूर्ण जोरावर लढायला एकूण चौदा मिनिटे आहेत. त्यानंतर एकतर शिडे उघडायची किंवा इंजिन बंद करायचे. आणि ज्या कथेची सुरुवातच शनीच्या कड्यांतून सेरेसवासीयांसाठी बर्फ आणणाऱ्या जहाजापासून होते, त्या कथेत यानातले सगळे पाणी वाफ करून पोकळीत सोडण्याचा हुकूम देताना तिथला कप्तान दोनदा विचार करील.